चौकटीतलं उत्तर कोणासाठी?

१९४३च्या दुष्काळाने बंगालचं कंबरडं मोडलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात एक आरोग्य-पाहणी झाली. जोडीदार गमावलेल्या स्त्री-पुरुषांना त्यांच्या तब्येतीबद्दल विचारण्यात आलं. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या निघाल्या २.५ टक्के. नुसता ‘यथातथा’चा हिशोब केला तर पुरुष ४५.६ टक्के आणि बायका शून्य. ज्या समाजात विधवेच्या ताटात काय पडावं यावरही निर्बंध होते, तिथे दुष्काळातून जगून-वाचून निघालेल्या एकाही बाईला आपली प्रकृती यथातथा आहे असं म्हणावंसं वाटलं नाही.

अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणले. माणसाला स्वतःविषयी काय वाटतं एवढ्यावरून त्याचं बरं चाललंय की नाही हे ठरवता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी त्याला केरळ आणि बिहारची जोड दिली. केरळात आयुर्मान देशात सर्वांत जास्त, पण ‘मी आजारी आहे’ असं सांगणारेही तिथेच जास्त. बिहारात उलट. आणि अमेरिकेत तर केरळाहूनही जास्त तक्रारी. शिकलेला, दवाखाना जवळ असलेला माणूस दुखणं ओळखतो आणि सांगतो. बाकीचे त्याला वयाचा किंवा नशिबाचा भाग समजतात.

सेन यांचा रोख अर्थातच समाजकल्याणाच्या धोरणाकडे होता. मला मात्र सिंगूरच्या त्या विधवांकडे एका वेगळ्या कारणासाठी पाहावंसं वाटतं. त्या खोटं बोलत होत्या असं म्हणवत नाही, आणि त्यांचा आकडा खरा आहे असंही म्हणवत नाही. माझा समज असा, की विधुराने तो प्रश्न शरीराबद्दलचा म्हणून ऐकला आणि विधवेने ‘तुझी काही तक्रार आहे का?’ असा ऐकला. तक्रार करायला समोर ऐकणारं कोणी लागतं. तिच्या आयुष्यात ते नव्हतं आणि पाहणीवाल्या बाबूमुळे ते एका दुपारीत येणारही नव्हतं. म्हणजे कागदावर प्रश्न एक होता, प्रत्यक्षात दोन विचारले गेले. गेली शंभर वर्षं मानसशास्त्र माणसाला स्वतःविषयीची विधानं वाचायला देऊन त्यावर खुणा करून घेतंय. त्या सगळ्या उद्योगाची अडचण मला या एकाच जागी दिसते. खूण करणारा स्वतःच्या आत डोकावून तिथला आकडा वाचून दाखवत नसतो. तो कोणाला तरी उत्तर देत असतो.

या उद्योगाची सुरुवात लष्करी गरजेतून झाली. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याने मनाने खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी अमेरिकी सैन्यासाठी ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे ११६ प्रश्न तयार केले. ते नीट वापरात येईपर्यंत युद्धच संपलं. पुढे १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी आज आपण सगळे ओळखतो तो साचा दिला: एक विधान आणि त्यापुढे पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पाच चौकटी. हा साचा इतका सोपा की त्याच्यापुढे बाकीच्या पद्धती टिकल्याच नाहीत. बँकेच्या अभिप्राय-पत्रापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत आज तोच चालतो. त्यात गृहीत इतकंच आहे की ‘सहमत’ची खूण ही विधानातल्या मजकुराशी असलेली सहमती आहे.

या गृहीताला पहिला पद्धतशीर धक्का ली क्रॉनबाख यांनी दिला. त्यांच्यासमोर साधी शालेय ‘चूक की बरोबर’ची चाचणी होती. उत्तर येत नसेल तेव्हा काही मुलं ठरावीकपणे ‘बरोबर’वर खूण करतात, काही ठरावीकपणे ‘चूक’वर. १९४६च्या लेखात त्यांनी अशा सवयींची यादी मांडली आणि त्या यादीपेक्षा मोलाचं एक निरीक्षण नोंदवलं: प्रश्न जितका संदिग्ध किंवा अवघड, तितका सवयीचा हात मोठा. ज्याला उत्तर पक्कं ठाऊक आहे त्याच्यावर सवयीचं काही चालत नाही. आता विचार करा, ‘२४ भागिले ६ बरोबर ४’ हे विधान आणि ‘मी एक समाधानी व्यक्ती आहे’ हे विधान यांत संदिग्ध कोणतं? व्यक्तिमत्त्वाच्या मापन्या जवळजवळ सगळ्याच दुसऱ्या जातीच्या विधानांनी भरलेल्या असतात.

सवय आणि मजकूर यांची गाठ किती घट्ट बसू शकते याचं सर्वांत बोलकं उदाहरण १९५०चं आहे. नाझीवादाच्या सावलीत, बर्कलीला, थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ हा मोठा ग्रंथ लिहिला. हुकूमशाहीपुढे मान तुकवायला कोणत्या प्रकारचा माणूस तयार होतो, हा प्रश्न. त्यासाठी त्यांनी ‘एफ’ नावाची मापनी बनवली. शिस्त, वडीलधाऱ्यांचा मान, बिघडलेली तरुण पिढी, कडक शिक्षेची गरज अशा आशयाची ठाम विधानं, आणि सगळी एकाच दिशेची. जितकं जास्त ‘सहमत’ तितका माणूस हुकूमशाहीकडे झुकलेला.

टीकाकारांनी पाच-सात वर्षांतच बोट ठेवलं. ज्याला कशालाही ‘सहमत’ म्हणायची सवय आहे त्याचाही गुणांक इथे वरच येणार. विधानं उलटी फिरवून पुन्हा तीच माणसं तपासली, तर काही जण दोन्ही बाजूंना मान डोलावताना सापडले. कमी शिकलेले लोक या मापनीवर जास्त हुकूमशाहीवादी ठरत होते. त्यातला किती भाग मताचा आणि किती भाग विद्यापीठातून आलेल्या माणसासमोर ‘नाही’ न म्हणण्याचा, हे वेगळं काढता येईना. पुढची वीसेक वर्षं या प्रश्नावर कागदांचे ढीग लिहिले गेले.

पण त्या वादातच एक प्रतिप्रश्न उभा राहिला, आणि मला तो मूळ आक्षेपापेक्षा जास्त विचार करायला लावतो. अधिकारवाणीने छापलेल्या ठाम विधानापुढे, अधिकाराच्या जागेवरून विचारल्यावर मुकाट ‘सहमत’ म्हणणं हीच तर शोधली जात असलेली वृत्ती नव्हे काय? सवय म्हणून जी झाडून टाकायची ती धूळ आणि जे मोजायचं ते मूळ द्रव्य, ही दोन्ही इथे एकच निघण्याची शक्यता आहे. उलट हेही खरं, की सौजन्यापोटी हो म्हणणारा शेतमजूर आणि हुकूमशहाच्या मिरवणुकीत घोषणा देणारा यांना एकाच रकान्यात बसवणं हा त्या मजुरावर उघड अन्याय आहे. कागदावरच्या खुणेवरून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत. प्रश्न विचारण्याचा प्रसंग पाहिला तर येतात.

१९६५ साली लेनर्ड रोरर यांनी हे सगळं प्रकरणच एक मिथक असल्याचं लिहिलं. मजकुराचा विचार न करता सगळ्या मापन्यांवर सारखीच होकार देणारी माणसं असतील, तर एका मापनीवरचा होकारी दुसरीवरही होकारी निघाला पाहिजे. तसं फारसं घडत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो बराचसा मान्य करावा लागतो. रंग, उंची तशी ‘होकारीपणा’ ही काही माणसाबरोबर सगळीकडे हिंडणारी वस्तू नव्हे. पण यातून सवयींचा प्रश्न संपला असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. सवय माणसात नसेल, माणूस आणि विचारणारा यांच्यामध्ये असेल, तर प्रसंग बदलला की ती बदलणारच. रोरर यांचा पुरावा या दुसऱ्या शक्यतेशी अगदी नीट जुळतो.

होकाराच्या सवयीवर पाठ्यपुस्तकातला इलाज म्हणजे निम्मी विधानं उलटी लिहायची. ‘मी आनंदी असतो’सोबत ‘मला बऱ्याचदा उदास वाटतं’ हेही घालायचं; दोन्हींना हो म्हणणाऱ्याचे गुण एकमेकांना खाऊन टाकतात. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची आत्मसन्मान मापनी जगात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्यांपैकी आहे. तिच्या दहा विधानांपैकी पाच याच कारणासाठी उलटी आहेत. कागदावर हा उपाय चोख दिसतो. गावात त्याचं काय होतं ते सांगतो.

भोर तालुक्यातल्या एका गावात एका संशोधक विद्यार्थिनीबरोबर गेलो होतो. ती वृद्ध स्त्रियांच्या मनःस्वास्थ्यावर काम करत होती. ओसरीवर बसून तिने वाचलं, “आजी, ‘घरातल्या निर्णयांत माझं म्हणणं कोणी विचारात घेत नाही.’ सहमत की असहमत?”

“हो.”

“म्हणजे घेत नाहीत?”

“घेतात की. मला विचारल्याबिगर थोरला बैल इकत नाही.”

“मग ‘असहमत’ लिहू ना, आजी?”

“लिही बाई तुला काय लिहायचं ते. च्या टाकलाय, घेऊन जा.”

पुढचं विधान मुलं-सुना काळजी घेतात की नाही याबद्दलचं होतं. सून दाराच्या आत, चहाच्या भांड्यापाशी. आजींनी पदर सारखा केला, आतल्या बाजूला एकदा पाहिलं आणि नेहमीपेक्षा जरा वरच्या आवाजात सांगितलं, “घेत्यात तर! लई करत्यात.” विद्यार्थिनीने ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. संध्याकाळपर्यंत अशा अकरा बायकांचे कागद भरून झाले, आणि रात्री ते आकडे होऊन एक्सेलमध्ये गेले. आजींचा ‘हो’ हा ऐकलं-समजलं असं सांगणारा हो होता. दुसरा होकार सुनेसाठी होता. चहा मात्र विद्यार्थिनीसाठी, आणि त्या अर्ध्या तासातलं सर्वांत निर्मळ उत्तर बहुधा तेच.

उलट्या विधानांची ही अडचण खेड्यापुरती किंवा निरक्षरांपुरती नाही. रोझेनबर्गची मापनी ५३ देशांत वापरून डेव्हिड श्मिट आणि युरी आलिक यांनी २००५ साली निष्कर्ष छापले. नकारात्मक विधानांचा अर्थ सगळीकडे सारखा लावला जात नाही, असं त्यांना आढळलं. होकार पकडायला लावलेला सापळा अशा रीतीने नकाराचा अर्थ लावण्याच्या सवयी पकडत बसतो.

दुसऱ्या टोकाला, सगळी विधानं एकाच दिशेची ठेवली तर एक विलक्षण गंमत घडते. मापनी विश्वसनीय आहे की नाही याची आपल्याकडच्या प्रबंधांत दिली जाणारी ठरलेली साक्ष म्हणजे ‘अल्फा’ गुणांक. विधानांची उत्तरं एकमेकांशी किती मेळ खातात ते तो सांगतो. आता कंटाळलेल्या वर्गाची कल्पना करा. शेवटचा तास आहे, बस सुटायला वीस मिनिटं आहेत आणि साठ विधानांचा कागद हातात पडला आहे. काहींनी पहिल्या पानावर एकदा विचार केला आणि पुढे चौथ्या रकान्यातून पेन सरळ खाली ओढत नेलं. काहींनी तिसऱ्यातून नेलं. असे कागद जितके जास्त तितका अल्फा देखणा येतो, कारण प्रत्येकाची उत्तरं आपापसांत अगदी जुळलेली असतात! प्रबंधात ‘०.९१’ छापून येतो, मार्गदर्शक खूश, तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षकही खूश. आणि हा गुणांक १९५१ साली ज्यांच्यामुळे रूढ झाला ते ली क्रॉनबाख म्हणजे पाच वर्षांपूर्वी सवयींपासून सावध राहा म्हणून सांगणारे तेच गृहस्थ. लोकांनी त्यांचं सूत्र घेतलं, इशारा ठेवून दिला. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन प्रतिसादांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या मीड आणि क्रेग यांना २०१२ साली साधारण १० ते १२ टक्के विद्यार्थी अशी निष्काळजी उत्तरं देणारे आढळले. आपल्याकडे हा हिशोब न करताच आपण निष्कर्षांच्या प्रकरणाकडे वळतो.

आता खोटं बोलण्याकडे येऊ, कारण सामान्य माणसाला पहिली शंका तीच येते. मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी बांधलेल्या आणि १९४३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमएमपीआय या अजस्र प्रश्नावलीत या शंकेवर बंदोबस्त होता. तिच्यातली १५ विधानं फक्त लबाडी पकडण्यासाठी. तत्त्व साधं: बहुतेक सगळ्यांमध्ये असलेले किरकोळ दोष विचारायचे, जो एकेक करून सगळे नाकारेल तो स्वतःला नको तितकं चांगलं दाखवतोय. त्यांतलं एक विधान वर्तमानपत्राच्या अग्रलेखांविषयी आहे. सगळे अग्रलेख रोज वाचतो असं जो सुचवेल, त्याच्या नावापुढे लबाडीचा एक गुण पडतो.

हे वाचताना मला आमच्या पेठेतले निवृत्त मास्तर आठवतात. सकाळी साडेसातला सार्वजनिक वाचनालयाचं दार उघडायची वाट पाहणारे आणि एकूण एक मराठी दैनिकांचे अग्रलेख संपवूनच घरी परतणारे. अशी माणसं महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दोन-चार तरी होती. मिनेसोटातल्या माणसांवर बेतलेल्या या कसोटीत ती लबाड निघाली असती.

हा केवळ विनोद नाही. अशा कसोट्या खरोखर सज्जन, खरोखर नियमाने वागणाऱ्या माणसाला आणि ढोंग्याला एकाच मापाने मोजतात. १९८३मध्ये मॅक्रे आणि कोस्टा यांनी हे सरळ तपासलं. माणसाने स्वतःविषयी दिलेली उत्तरं त्यांनी जोडीदाराने त्याच्याविषयी दिलेल्या उत्तरांशी ताडली. लबाडीच्या गुणांनुसार ‘दुरुस्ती’ केल्यावर दोघांचा मेळ वाढायला हवा होता. तो बहुतेक ठिकाणी वाढला नाही, उलट घटला. दुरुस्तीच्या नावाखाली खरा स्वभावच खरवडून निघत होता. ज्यांना नवरा किंवा बायको आहे त्यांना या निष्कर्षाचं आश्चर्य वाटायला नको.

उत्तर देणारा विचारणाऱ्याचा अंदाज घेत असतो याचा आणखी एक नमुना जर्मनीतला आहे. नॉर्बर्ट श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात? पर्याय अकराच, टोकांना शब्दही तेच. काहींच्या कागदावर आकडे ० ते १० होते, काहींच्या कागदावर उणे ५ ते अधिक ५. पहिल्या गटात ३४ टक्क्यांनी खालच्या अर्ध्यात, म्हणजे ० ते ५ मध्ये, खूण केली. दुसऱ्यात त्याच जागी, उणे ५ ते ० मध्ये, फक्त १३ टक्क्यांनी. शून्य म्हणजे यश न मिळणं. उणे पाच म्हणजे साफ अपयश. लोकांनी आकड्यांकडे पाहून विचारणाऱ्याच्या मनात काय असावं ते ओळखलं आणि त्याप्रमाणे स्वतःला बसवलं. यात अप्रामाणिकपणा कुठेही नाही. चारचौघांत बोलताना समोरच्याचं म्हणणं समजून घ्यायला आपण जे करतो, तेच त्यांनी कागदापुढे केलं.

हे मान्य केलं की देशादेशांची तुलना करणारे तक्ते डळमळू लागतात. दरवर्षी २० मार्चच्या सुमाराला आनंदी देशांची क्रमवारी जाहीर होते. २०१८पासून फिनलंड पहिला आहे. २०२४मध्ये १४३ देशांत भारत १२६वा आणि पाकिस्तान १०८वा आला, तेव्हा आपल्याकडे टीव्हीवर चर्चा रंगल्या आणि व्हॉट्सॲपवर विनोद. ही क्रमवारी एका प्रश्नावर उभी आहे: तळाला शून्य आणि माथ्याला दहा अशी शिडी डोळ्यांपुढे आणा; तुमचं आयुष्य आज कोणत्या पायरीवर आहे? फिनलंड आणि अफगाणिस्तान यांच्यातलं अंतर या प्रश्नातून दिसतं ते खरंच असणार; आयुर्मान, उत्पन्न, सुरक्षितता सगळं त्याच दिशेला बोट दाखवतं. पण भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या फरकावरून कोण अधिक सुखी हे सांगणाऱ्याला मी विचारीन, शिडीचा माथा म्हणून दोघांनी काय पाहिलं? शेजारच्या घरातला मुलगा बंगळुरूला लाखाच्या पगारावर गेलेला पाहणारा बाप आणि तसा शेजार नसलेला बाप एकाच पायरीवर उभे राहून वेगवेगळे आकडे सांगतील.

स्टीव्हन हाइन आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये दाखवलं ते नेमकं हेच: माणूस स्वतःला मोजताना आजूबाजूच्यांशी मोजतो. समूहाला महत्त्व देणारा जपानी माणूस स्वतःची तुलना इतर जपान्यांशी करून ‘मी मध्यम’ म्हणतो, कॅनडातला कॅनडावासीयांशी करून तेच म्हणतो, आणि जो फरक जाणकारांना उघड दिसतो तो मापनीतून नाहीसा होतो. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ साली यावर उपाय सुचवला. सरकारच्या कारभारात तुमचं म्हणणं किती चालतं, असं चीन आणि मेक्सिकोच्या लोकांना विचारलं, तेव्हा चिनी लोक पुढे निघाले! मेक्सिकोत नुकतंच मतपेटीतून सत्तांतर झालेलं, चीनमध्ये तशा निवडणुकाच नाहीत. मग त्याच लोकांपुढे काही काल्पनिक माणसांच्या छोट्या कथा ठेवल्या आणि या प्रत्येकाचं म्हणणं किती चालतं तेही त्याच श्रेणीवर विचारलं. ज्या परिस्थितीला मेक्सिकन ‘काहीच चालत नाही’ म्हणत होते तिला चिनी ‘थोडं चालतं’ म्हणत होते. स्वतःचं उत्तर या कथांच्या तुलनेत वाचल्यावर क्रम उलटला. हा उपाय मला आवडतो, कारण तो उत्तर देणाऱ्याला लबाड ठरवत नाही. तुझी फूटपट्टी दाखव, एवढंच म्हणतो. पण तो महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि वर्षातून एकदा गाजणाऱ्या क्रमवाऱ्यांना परवडणारा नाही.

एवढं सगळं वाचून मापन्या फेकून द्या असं म्हणणाऱ्यांत मी नाही. नैराश्यासाठी वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही २००१ची प्रश्नावली घ्या. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांविषयी, एकूण ० ते २७ गुण. मराठीतही ती वापरली जाते. बाई पहिल्यांदा आली तेव्हा १७, सहा आठवड्यांनी ११. तिची हो म्हणण्याची, कमी करून सांगण्याची, मधली चौकट पकडण्याची सवय दोन्ही वेळा बरीचशी तीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. पाच गुणांचा फरक डॉक्टर अर्थपूर्ण मानतात तो याच भरवशावर. शिवाय नवव्या प्रश्नाला, जीव नकोसा होण्याविषयीच्या, शून्याखेरीज कोणतंही उत्तर आलं की शहाणा डॉक्टर कागद बाजूला ठेवतो आणि बोलायला लागतो. त्या वेळी कागद संभाषणाची सुरुवात करून देतो, आणि उत्तर कोणासाठी आहे हे दोघांनाही स्पष्ट असतं. पण त्याच पीएचक्यूचे सरासरी गुण घेऊन विदर्भापेक्षा कोकण जास्त उदास आहे असं कोणी म्हणू लागला, तर त्याने आधी फूटपट्ट्यांचा हिशोब द्यावा. सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं, हा कागदाचा गुण नव्हे. कोणत्या कामासाठी वापरला त्यावर ती ठरते. तेच नऊ प्रश्न एका टेबलावर सप्रमाण आणि शेजारच्या टेबलावर निरर्थक असू शकतात.

सर्वांत निरर्थक ते होतात उत्तरावर उत्तर देणाऱ्याचा किंवा त्याच्या गोटातल्यांचा काही लाभ टांगलेला असतो तेव्हा. नॅकच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालयांत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण होतं. वीस प्रश्न पर्यायांचे, एक मोकळ्या उत्तराचा. एका महाविद्यालयात त्याच्या आदल्या दिवशी वर्गावर्गांत जाऊन ‘कॉलेजची श्रेणी तुमच्या हातात आहे, पदवी याच कॉलेजची मिळणार आहे’ असं प्रेमाने सांगितलेलं मी ऐकलं आहे. त्या मुलांनी जे भरलं ते समाधान नव्हतं आणि खोटंही नव्हतं. तो आपल्या प्रमाणपत्राच्या भावाचा रास्त विचार होता.

नोकरभरतीत तर याची परमावधी होते. तिथले काही अभ्यासक म्हणतात की उमेदवार स्वतःला सजवून दाखवत असले तरी या चाचण्यांवरून पुढच्या कामाचा थोडा अंदाज लागतोच. लागत असेलही. माझी शंका अशी की त्या थोड्या अंदाजातला काही भाग, मालकाला काय ऐकायचं आहे हे ओळखण्याच्या कौशल्याचा असावा, आणि ते कौशल्य ऑफिसात उपयोगी पडतंच. अडोर्नोंच्या मापनीसारखीच इथेही सवय आणि गुण यांची सरमिसळ आहे. फक्त इथे ती कोणाला उकलायची नाही.

प्रामाणिक उत्तर हवं असेल तर लबाडी पकडणाऱ्या कसोट्या वाढवण्यापेक्षा प्रामाणिकपणाची किंमत कमी करावी, हा मार्ग स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ सालीच दाखवला होता. उत्तर देणाऱ्याने एक चक्री फिरवायची. काटा कधी ‘मी त्या गटातला आहे’वर थांबतो, कधी ‘मी त्या गटातला नाही’वर. कुठे थांबला ते विचारणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकू येतं. काटा कुठे किती वेळा थांबतो याचं प्रमाण ठाऊक असल्याने शंभर-पाचशे लोकांच्या उत्तरांतून गटाची टक्केवारी काढता येते, पण कोण्या एकाविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. लाच, गर्भपात, करचुकवेगिरी अशा विषयांवर ही युक्ती चालते, कारण आता उत्तर कोणालाच दिलेलं नसतं.

भरती करणाऱ्या कंपनीला मात्र ती चालणार नाही. तिला टक्केवारी नको असते, नाव हवं असतं. आणि नाव हवं असेल तिथे ‘मी हातातलं काम वेळेत पूर्ण करतो’ या विधानापुढे ‘पूर्ण सहमत’ सोडून दुसरीकडे टिक करणारा उमेदवार एक तर नोकरीची गरज नसलेला, नाही तर प्रश्न न कळलेला. त्यापेक्षा त्याच्या आधीच्या दोन साहेबांना फोन करावा. चाचणीच्या परवान्यापेक्षा ते स्वस्तही पडतं.